जवळून घेतलेलं माप

सरांच्या घरात प्रोटॉनचा मान थोरल्या जावयाएवढा. त्याचं माप सरांनी काढलेलं, पुस्तकांत छापलेलं, आल्यागेल्याला चहाच्या आधी ऐकवलेलं. त्यांच्या बायकोचे, माईंचे, ऐकून ऐकून कान किटले होते.

आता सरांचं अर्धं अंग लुळं पडलं होतं. माई पलंगावर बसून त्यांची दाढी करत होत्या आणि लेक दारात उभी होती. तिच्या प्रयोगशाळेनं तेच माप नव्यानं घेतलं होतं आणि ते लहान भरलं होतं. छापायला जायच्या निबंधावर बाकीच्यांच्या सह्या झाल्या, हिची अडली होती. बाबांना सांगितल्याशिवाय करणार नाही म्हणायची, आणि सांगायला तोंड उघडायची नाही.

सकाळी ओट्यापाशी तिनं आईला समजावलं होतं. प्रोटॉनभोवती इलेक्ट्रॉन फिरतो, पण लांबून. बाबांचं माप त्याच्यावरून काढलेलं. आम्ही तो हलवून त्या जागी म्युऑन नावाचा कण बसवला. तो दोनशेपट जड, म्हणून पार जवळ जातो. पापणी लवायच्या आत मरतो, पण तेवढ्यात त्याच्यावर लेसरचा उजेड टाकला की प्रोटॉन केवढा ते कळतं.

"म्हणजे ह्यांनी पाहुण्याला विचारलं, तुम्ही नांदत्या सुनेला," माई म्हणाल्या. "माप कमीच भरायचं." लेक हसली नाही. माईही नाही.

"काय गं, खांबासारखी उभी?" सरांची जीभ जड झालेली, पण दरारा तोच.

"बाबा, आमचं माप आलं."

"जुळलं ना?"

लेकीनं आईकडे पाहिलं. माईंनी वस्तरा पाण्यात बुडवला. "माझ्या तोंडाकडे काय बघतेस? मोजलंस तू."

"लहान आलं, बाबा. शंभरात चारानं."

"यंत्र चुकलं असेल."

"पुन्हा पुन्हा तपासलं. तेवढंच येतं."

"बापाच्या नावाला बट्टा लावतेस?"

"अहो, ती जवळून बघून आलीय," माई म्हणाल्या.

"तुला काय कळतंय त्यातलं? गप्प बस."

हे वाक्य माईंनी लग्नापासून ऐकलं होतं. पूर्वी झोंबायचं. आज कुठंच लागलं नाही.

"जा, सही कर," त्या लेकीला म्हणाल्या.

"पण आई, बाबा..."

"बाबांना मी आहे. जा म्हटलं ना!"

जिन्यावर चपला वाजल्या, मग फाटक. सरांच्या एका डोळ्यातून पाणी आलं. माईंनी फेसाबरोबर तेही टॉवेलानं पुसलं. कीव आली नाही, जिंकल्यासारखंही वाटलं नाही. हनुवटी धरून त्यांनी सरांचं तोंड भिंतीकडे वळवलं आणि राहिलेला गाल करायला घेतला.