सॉल्ट ब्रिजची किणकिण

"बाहेर! सगळे बाहेर! दप्तरं ऱ्हाऊ द्या!"

गुरुलिंग सर ओरडले आणि सास्तूरच्या कनिष्ठ महाविद्यालयातली बारावीची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा अर्ध्यावर मोडली. पोरं मैदानात पळाली. त्यांच्या मागोमाग बाहेरगावचे परीक्षकही. शेवटचं पोर निघेपर्यंत सरांनी दार सोडलं नाही.

जमीन मात्र तसूभरही हलली नव्हती.

मैदानात बराच वेळ गेला. मग शिवांजली रडवेली होऊन पुढं आली. "सर, भूकंप न्हाय. माझाच हात कापत होता. सॉल्ट ब्रिज बीकरवर वाजला."

एका बीकरमध्ये जस्ताचं द्रावण, दुसऱ्यात तांब्याचं. क्षाराच्या जेलीनं भरलेली वाकडी काचनळी, म्हणजे सॉल्ट ब्रिज, दोन्हींत उलटी बुडवायची, एवढंच शिवांजलीचं काम. परीक्षेच्या धास्तीनं नळी काठावर किणकिणली आणि सरांना त्र्याण्णव सालच्या भूकंपाच्या रात्री फळीवर वाजलेली भांडी ऐकू आली. भ्यालेला माणूस कुठं शहानिशा करत बसतो!

पोरं फिदीफिदी हसली. परीक्षक भडकले. "परीक्षेचा तमाशा केलात, सर! मला वर कळवावं लागेल."

"कळवा," सर म्हणाले. "पण पोरीचं पुन्हा घ्या. तिची चूक न्हाय."

टेबलापाशी शिवांजलीचा हात पुन्हा थरथरू लागला. "मला न्हाय जमायचं, सर."

"माझाबी कापतोय. टाक तू." सरांनी दोन्ही बीकर घट्ट धरले. तिनं नळी बुडवली. व्होल्टमीटरचा काटा सरकला.

"या नळीचं काम काय?" परीक्षकांनी विचारलं.

"जस्ताकडं धन भार साठतो, तांब्याकडं ऋण. ही दोन्हीकडं आयन देऊन बरोबरी करते. न्हाय तर सेल लगेच थांबंल," शिवांजली म्हणाली.

परीक्षकांनी गुण मांडले. ती गेल्यावर आवाज खाली आणून म्हणाले, "केवढे होता तुम्ही त्या भूकंपाच्या वेळी?"

"चौथीत. लघवीला उठून अंगणात आलतो."

"आणि घरचे?"

सरांचे हात अजून बीकरांवरच होते.

"समदे आत निजलेले. भांडी वाजलेली ऐकली म्या. हाक मारायला तोंडच फुटलं न्हाय."

पुढच्या पोराला परीक्षकांनी अगदी हळू बोलावलं.