चटईवरचे बूट

आमच्या सामोआत सभागृहाच्या चटईवर चपला घालून पाऊल टाकलं तर म्हाताऱ्या पाठीत रट्टा घालतात. त्या रविवारी मात्र अख्खं गाव दाटीवाटीने बसून एका काळ्या बुटांच्या जोडीकडे डोळे फाडून बघत होतं. बूट ऑकलंडहून आलेल्या प्रेषित योसुआचे. आतले पाय लंगड्या फलानिकोचे.

"डावा पाय बघा, आखूड!" खुर्चीतल्या फलानिकोच्या टाचा धरून योसुआ गरजला. "वाढ! वाढ म्हणतो ना!"

पाय वाढला. बायका रडल्या. गावप्रमुखांनी स्तोत्र सुरू केलं.

तेवढ्यात सिएनीची आजी उठली आणि नऊ वर्षांच्या नातीची इन्सुलिनची बाटली तिने योसुआच्या दानाच्या टोपलीत ठेवली. "आता सुया बंद. देव बघेल तिचं."

"आजी, उचल ती," मागून डॉक्टर लानुओला म्हणाली. गावचीच पोर, चर्चला जात नाही म्हणून बदनाम. "सुई थांबली तर सिएनी मरेल. पोरीचा जीव पवित्र आहे, पणाला लावायचा नाही."

"पवित्र?" योसुआ खो खो हसला. "ऐका हो! देव न मानणारी बाई पवित्र म्हणतेय! बाई, देव नाही तर माणूस म्हणजे नुसतं हाडमांस. हा शब्द आमचा, ठेव खाली."

लोकही हसले.

"ठेवते. पण सगळे अनवाणी, मग फलानिकोकाकाच बुटात का? बूट काढून वाढवा."

"बूट मंतरलेले आहेत!"

"मग वाढतं काय, काकांचा पाय की बूट?"

"आणि ही चटई मी विणलीय, तिच्यावर बूट!" म्हणत आजीनेच बूट उपसले. योसुआने पुन्हा टाचा धरल्या, पण उघडे पाय तसूभरही वाढेनात. लानुओलाने बूट पुन्हा चढवले, उजवा टाचेपासून जरा पुढे ओढला; डावा पाय आखूड दिसला. उजवा हळूच मागे दाबला, डावा 'वाढला'.

"टाच सैल लागत होती खरी," फलानिको पुटपुटला. "पण एवढी माणसं रडत होती, म्हटलं कशाला बोला!"

"तुमची श्रद्धा कमी पडली," म्हणत योसुआ बूट बगलेत मारून सटकला.

आजीने टोपलीतून बाटली काढली. "उकाड्यात तापलीय गं. चालेल?"

"नको, दवाखान्यात थंड बाटली आहे. चल, सिएनीची वेळ झालीय."

पवित्र हा शब्द कुणाच्या बापाचा नाही. देव माना, नका मानू. पोराचा जीव ज्याला खरोखर पवित्र वाटतो, तो औषध सोडून देण्याआधी बूट काढायला सांगतो.