उघडं कार्ड

भाच्याच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. एका जाड पुस्तकात खूण म्हणून ते घातलं, आणि ते पुस्तकही मग पुढे वाचून झालं नाही.

'मामा, लग्नाला सहा वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात, दोष माझ्यात आहे. कामावर नाकातोंडात काय जातं ते विचारत होते. घरात अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही त्याच खोलीत होतात. तुमचं काय झालं होतं? खरं सांगा.'

ती खोली म्हणजे छापखान्यातली रोलर धुण्याची. खिडकी एकच, तीही रंगाने चिकटलेली. थिनरच्या वासाने डोकं भणभणायचं, म्हणून तिकडे कुणी फिरकत नसे. मला तेच हवं होतं. रोलर वाळेपर्यंत कोपऱ्यात बसून वाचता यायचं. माणसांपेक्षा वास परवडला, असं मला वाटे. निवृत्त होताना भाच्याला मीच तिथे चिकटवलं. "शांत जागा आहे," असंही वर सांगितलं.

बाहेरचे थट्टा करायचे, "तुमच्या खोलीतून बारशाच्या पेढ्यांनी तोंड गोड व्हायची वाट बघून बघून आमचे दात पडले की हो!" तोंड गोड एकदाच झालं. माझ्याबरोबर रोलर धुणाऱ्या दाढीवाल्याची बदली गठ्ठे बांधायच्या खात्यात झाली आणि दोनेक वर्षांत त्याला मुलगी झाली. "हवा मानवली गड्याला!" म्हणून सगळे हसले. मीही हसलो. त्यापुढे विचार कुणीच केला नाही.

काल बहिणीचा फोन आला.

"दादा, सुनेला माहेरी पाठवतेय. वांझ झाडाला किती पाणी घालायचं?"

"अगं, पण..."

"तू मधे पडू नकोस. वहिनीला मी बोलायचे, तेव्हा तरी कुठे तोंड उघडलंस? तू आपला पुस्तकात डोकं खुपसून बस."

भाच्याला उत्तर लिहायला पोस्टाचं पाकीट आणलं होतं. पण भाच्याचं पाकीट भाचाच उघडणार आणि वाचून माझ्यासारखाच गप्प बसणार. पोस्टकार्ड मात्र बहीण आधी वाचते, दारातच, मोठ्याने. लहानपणापासूनची खोड. म्हणून कार्ड आणलं. पोस्टमनही वाचेल, या विचाराने कानाच्या पाळ्या तापल्या. तरी लिहिलं.

'चि. भाच्यास, तुझ्या मामीच्या सगळ्या तपासण्या चांगल्या निघाल्या होत्या. माझी मी होऊ दिली नाही, लाज वाटली. ती गेली, तरी बोल तिच्याच नावावर राहिला. थिनरच्या वाफेने पुरुषाच्या बीजावर परिणाम होऊ शकतो, असं डॉक्टर सांगतात. मी त्या वाफेत जन्म काढला. तू आधी ती खोली सोड. दाढीवाल्याला ती खोली सोडल्यावर मूल झालं. सगळ्यांनाच होईल असं नाही. पण सूनबाईला कुणी बोलू नये. मामा.'

अक्षर मुद्दाम मोठं काढलं. बहिणीला चष्मा वेळेवर सापडत नाही. पेटीच्या तोंडाशी कार्ड जरा अडलं. मी ते बोटाने आत ढकललं.