भात्याला पडलेलं भोक

मी एक जुना लाकडी कॅमेरा आहे मित्रांनो, आणि आधीच सांगतो, मी चिडका आहे. माझी गोष्ट ऐकलीत की तुम्हीही म्हणाल, याने चिडू नये तर काय करावं?

मला खिशात घालता येत नाही. मला उभं करायला तीन पायांचा स्टँड लागतो. पुढे भिंग, मागे दुधी काच आणि मधे काळ्या चामड्याचा घड्याघड्यांचा भाता, असं माझं शरीर. माझी चौकट एका सुताराने घडवली, पितळी स्क्रू त्यानेच घासूनपुसून बसवले आणि भात्याच्या घड्या त्याच्या बहिणीने घातल्या. त्या बाईचा हात इतका नेटका होता की भात्यातून उजेडाचा एक कणही आत शिरत नसे.

माझ्यात एका वेळी एकच फिल्म बसते, तळहाताएवढी. एक फिल्म, एक फोटो. चुकलात की संपलं.

चाळीस वर्षं मी एका स्टुडिओत काम केलं. स्टुडिओवाले काका माझ्या मागे काळं फडकं डोक्यावर घेऊन उभे राहत आणि समोर लग्नाची जोडपी, तान्ही बाळं, निवृत्त होणारे मास्तर श्वास रोखून बसत. फोटो पाहून लोक म्हणत, "काका, तुमच्या हातात जादू आहे!" माझ्या भिंगाबद्दल कधी कुणी चकार शब्द काढला नाही. पण निदान रोजचं काम होतं आणि रोज अंगावरून मऊ कापड फिरत होतं.

मग काकांची नजर गेली आणि काकूंनी मला मिटून कपाटावर ठेवलं. अठरा वर्षं, मित्रांनो! भाता एकदाही उघडला नाही. घड्यांमध्ये कसर शिरली आणि एका कोपऱ्यात तिने चामडं कुरतडलं. मला ते कळत होतं. सांगणार कुणाला?

एके दिवशी एक बाई काकूंकडे आली. ती शाळेची बस चालवायची. तिचे वडील पुस्तकं बांधण्याचं काम करत, सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांच्या दुकानाची इमारत पाडायची ठरली होती आणि महिनाअखेर जागा रिकामी करायची होती. दुकानाच्या भिंतीवर तिच्या आईचा एकुलता एक चांगला फोटो होता, काकांनी माझ्याकडूनच काढलेला. आई आता राहिली नव्हती.

"मला अण्णांचाही तसाच फोटो हवाय," ती म्हणाली. "त्यांच्या यंत्रापाशी, दुकान आहे तोवर. याच कॅमेऱ्याने."

काकूंनी मला तिच्या हातात दिलं. मी खूश झालो. कुठून झालो, असं पुढे वाटलं.

तिने दहा फिल्मांचा एक डबा आणला. सकाळी मुलांना शाळेत सोडलं की दुपारच्या फेरीपर्यंत तिला तीन तास मिळत. तेवढ्यात ती मला दुकानात उभं करी. दुधी काचेवर चित्र उलटं दिसतं, डोकं खाली, पाय वर आणि डावं उजवीकडे. अण्णा डावीकडे हवेत म्हणून ती मला एकीकडे वळवी, तर ते चित्रातून पारच निघून जात.

"अगं, मी इथे बसलोय!" अण्णा ओरडत.

फिल्म घट्ट अंधारात होल्डरमध्ये, म्हणजे एका चपट्या बंद डबीत, भरावी लागते. कडेला खाचा असतात, त्या बोटांनी चाचपून सुलटी बाजू ओळखायची. ही न्हाणीघरात दाराखाली टॉवेल कोंबून बसली आणि पहिल्या दोन्ही फिल्मा उलट्या भरल्या! फोटो आले ते ओल्या भिंतीवरच्या डागांसारखे. होल्डर माझ्या मागे सरकवून भिंगाचं शटर बंद केलं की मगच फिल्मवरची पाटी ओढायची असते; तिसऱ्या वेळी भिंग उघडंच ठेवून तिने ती ओढली. मी मनातल्या मनात किंचाळलो, "आधी बंद कर! बंद कर ना!" फिल्म कोळशासारखी काळी झाली. चौथ्या वेळी धास्तीने पाटी ओढलीच नाही आणि फिल्म कोरी निघाली.

यानंतर मात्र तिने सगळं बरोबर केलं. अण्णा दिसलेही, पण त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर धुरकट पट्टा. पुन्हा काढला, पुन्हा पट्टा. तिला वाटलं, फिल्म धुताना चुकतंय. तिने औषधं बदलली, पाणी गाळून घेतलं. तिसरा पट्टा आला. चौथाही आला.

मित्रांनो, तो पट्टा तिचा नव्हता. तो माझ्या भोकातून येणारा उजेड होता. ती स्वतःला दोष देत होती आणि मी लाकडासारखा उभा. एवढी चीड मला आयुष्यात कधी आली नव्हती.

आठ फिल्मा वाया गेल्या आणि अण्णांचा संयम सुटला.

"पुरे झालं," ते म्हणाले. "रोज कोट घालून बसायचं, मान ताठ धरायची. मी माणूस आहे का पुतळा? फोनवर काढ आणि मोकळी हो. तुझ्या आईच्या वेळी त्या माणसाला एक मिनिट लागलं होतं!"

"त्याआधी त्यांची वीस वर्षं गेली होती, अण्णा! मला वीस दिवस तरी द्या."

"चारच उरलेत."

ती पाठ फिरवून होल्डर पुसू लागली. तिचे डोळे भरून आले होते. आणि मला खरी गोष्ट ठाऊक होती. तिच्या आईचा तो फोटो तिसऱ्या खेपेला आला होता. पहिल्या वेळी काका पाटी ओढायला विसरले होते आणि दुसऱ्या वेळी आईच हसून हलली होती. हे एवढं सांगता आलं असतं तर दोघांचं भांडणच मिटलं असतं.

ती रागारागाने मला मिटायला लागली; मागची दुधी काच काढली, पण भाता अजून उघडाच होता. दुकानाच्या मागच्या काळोख्या खोलीत कागदाचे गठ्ठे असत, तिथे तिने मला टेकवलं आणि माझी पेटी शोधायला टॉर्च लावला. टॉर्च हातातून सुटला आणि मागच्या उघड्या चौकटीतून थेट माझ्या भात्यात पडला.

आतला उजेड बाहेर फुटला आणि काळ्या चामड्यावर एक ठिपका चमकला.

"अण्णा!" ती ओरडली. "अण्णा, इकडे या आधी!"

अण्णा कुरकुरत आले. वाकून पाहिलं. बोटाने ठिपका झाकला, पुन्हा उघडला. त्यांचा सूरच बदलला.

"कसर लागलीय. अगं, हे तर माझं काम! मला आधी का नाही दाखवलंस?"

"तुम्ही कोट काढून चालते व्हायचात ना रोज."

अण्णांनी पातळ काळं कापड कापलं, खळ कालवली. "जाड ठिगळ लावलं तर घडी मिटणार नाही," असं पुटपुटत त्यांनी ते ब्रशने असं बसवलं की मला ते माझंच कातडं वाटलं. अठरा वर्षांनी कुणीतरी माझ्याकडे नीट पाहिलं होतं.

नववी फिल्म मात्र दुकानाचं सामान हलवायला आलेल्या हमालांनी घालवली. ऐन वेळी त्यांनी शेजारी लोखंडी दाबयंत्र आपटलं, जमीन हादरली, मीही हादरलो.

उरली एक. दुकान निम्मं रिकामं झालं होतं. अण्णा कापण्याच्या यंत्राच्या दांड्यावर हात ठेवून उभे राहिले. तिने होल्डर सरकवला आणि पाटीला हात घातला.

"भिंग बंद केलंस का?" अण्णांनी ओठ न हलवता विचारलं.

तिने पाटीवरचा हात काढला. नव्हतं केलं! तिने भिंग बंद केलं, पाटी ओढली, श्वास घेतला. माझं शटर उघडलं आणि मिटलं.

फोटो स्वच्छ आला. डोकं वरून किंचित कापलं गेलंय असं ती म्हणते, तिचंही खरं आहे. अण्णांनी तो बराच वेळ हातात धरला.

"एवढा रागीट दिसतो का मी?"

"त्या दिवशी होतात," ती म्हणाली.

दुकान गेलं, अण्णा लेकीकडे राहायला आले. दोन आठवडे ते खिडकीशी नुसते बसून होते. मग एका सकाळी मला पुढ्यात ओढून म्हणाले, "मला शिकव हे." पहिल्याच फोटोला त्यांनी शेजारणीला पाऊण तास उन्हात उभं केलं, भिंग बंद केलं, पाटी ओढली, सगळं अगदी शिस्तीत. फक्त होल्डरमध्ये फिल्म भरली नव्हती.

आता दोन शिकाऊ माणसं माझ्या नशिबी आहेत आणि मी रोज चिडतो. पण मित्रांनो, त्यांच्या चुकांनी मला कधी भोक पडलं नाही. ते पडलं मी कपाटावर मिटून होतो तेव्हा. तुमच्या घरात असं काही मिटून ठेवलेलं असेल तर ते आजच खाली काढा. उघडा, पुसा, आत उजेड टाकून बघा. वापरता येत नसेल तर चुकत चुकत शिका. आम्ही ओरडू, पण ते तुम्हाला ऐकू येणार नाही.