आईचे उरलेले चौदा दिवस

मार्चच्या सुरुवातीला, गरोदरपणात, डॉक्टरांनी मला पलंगावरून उठायला बंदी केली आणि आई सर्बियातून मारिबोरला धावत आली. माझा नवरा बोयान ट्रक घेऊन आठवडेच्या आठवडे बाहेर. मला स्लोव्हेनियाचा रहिवासाचा परवाना होता. आईकडे नुसता पासपोर्ट. तिला कुठल्याही सलग एकशेऐंशी दिवसांत नव्वदच दिवस राहता येणार होतं. आपसातल्या सीमा खुल्या केलेल्या या सगळ्या देशांची मोजणी एकच, त्यामुळे शेजारच्या ऑस्ट्रियात जाऊन राहिली असती, तरी ते दिवस त्याच नव्वदांत धरले गेले असते.

शहात्तराव्या दिवशी तिने बॅग भरली.

"बाळंतपणाला तीन आठवडे राहिलेत, आणि तू निघालीस?" मी चिडले.

"म्हणूनच निघाले. आत्ताच नव्वद भरले, तर तुझ्या कळा मी घरी क्रुशेवाट्सला बसून फोनवर ऐकू?"

"एवढं कोण मोजतंय, आई?"

"सीमेवरचं यंत्र मोजतं. मला दारातूनच परत पाठवलं, तर नातवंड एकटी वाढव."

ती गेल्यावर मी उशीत तोंड खुपसून रडले. शेजारच्या मार्येताकाकू सूप घेऊन आल्या, तरी आईचा रागच येत होता. आई मात्र घरी गेलीच नव्हती. सर्बियातच, सीमेला लागून असलेल्या शिदमध्ये, मावसबहिणीकडे, ती भरली बॅग दाराशी ठेवून बसली होती.

ती गेल्यापासून सतराव्या दिवशी सकाळी माझी पाणमोट फुटली. फोन केला, तर पलीकडून तिचा धापा टाकणारा आवाज, "निघालेय, निघालेय!"

सीमेवर पोलीसबाईंनी विचारलं, "किती दिवस राहणार?"

"चौदा."

त्यांनी पडद्यावर पाहिलं. "बरोबर चौदाच उरलेत, आजी."

"ठाऊक आहे. मुलगी बाळंत होतेय."

"मग उभ्या काय राहिलात? पळा!"

ती पोचली तेव्हा माझी मुलगी मिलिट्सा तीन तासांची होती. आईने आधी माझ्या कपाळावर हात ठेवला, मग तिला उचललं. तेरा दिवस तिने मला बाळाला न्हाऊ घालायला, छातीशी धरायला, न घाबरायला शिकवलं. चौदाव्या दिवशी सकाळच्या बसने ती गेली. या वेळी मी रडले नाही.

ऑगस्टअखेर मार्चमधले जुने दिवस मोजणीतून गळू लागले आणि आई पुन्हा दारात उभी राहिली. मिलिट्साने या अनोळखी चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं आणि भोकाड पसरलं.

आई बूट काढत म्हणाली, "रड, बाई, हवं तेवढं रड. या खेपेला मला घाई नाही."