उंदरांचे कान मोजणारा जाडीमापक

मी एक जुना जाडीमापक आहे. मित्रांनो, माझ्याकडे कौतुकाने पाहू नका, मला त्याची सवय नाही. माझ्या हातातल्या कामामुळे आजवर कुणाचे माझ्याशी पटले नाही.

एका कारखान्यात चामड्याची जाडी मोजण्यासाठी मला घडवले. दोन बारीक जबडे, एक स्प्रिंग, एक तबकडी आणि एक काटा. पण माझ्या नशिबी आली प्रयोगशाळा आणि उंदरांचे कान. उंदीर मला पाण्यात पाहत. माझे जबडे उघडणाऱ्या खटक्यावर त्यांच्या दातांच्या खुणा अजून आहेत.

मला हाताळत त्या मोजणीबाई. त्या उंदराच्या पोटावर केसांच्या कलपातले एक रसायन लावत. काही दिवसांनी तेच कानाला लावत. दुसऱ्या दिवशी कान लाल होऊन सुजे, कारण शरीराने त्या रसायनाला शत्रू ठरवलेले असे. माझ्या तबकडीवर निरोगी कान वीस घरे, सुजलेला चाळीस. मात्र ज्यांना आधीपासून त्याच रसायनाचे थेंब पाजले होते, त्यांचा कान बावीसच्या पुढे जात नसे. त्यांच्या शरीराला त्याची सवय झालेली असे.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, म्हणजे सरांना, पुढची घाई होती. आधीच ॲलर्जी झालेल्या उंदरांनाही थेंब पाजून कायमचे बरे करता येते, असे त्यांना सिद्ध करायचे होते. पहिल्या खेपेला त्या उंदरांचे कान खरेच बारीक निघाले. सरांनी मला सभेत उंच धरून दाखवले. माझ्या आयुष्यातले कौतुक ते तेवढेच.

मोजणीबाईंची धाकटी बहीण केशकर्तनालयात काम करायची. कलपाने तिचे हात फुटून रक्त येई. ती रोज फोन करी. "ताई, तुझे उंदीर बरे झाले ना? मग मला कधी देणार ते थेंब?"

थेंब बंद करून दोन महिने झाले. बाईंनी त्याच उंदरांच्या कानांना पुन्हा रसायन लावले आणि दुसऱ्या दिवशी मोजले. छत्तीस, अडतीस, एक्केचाळीस. त्यांनी प्रत्येक कान तीनदा मोजला.

"मेल्या, नीट दाखव," त्या मला म्हणाल्या. एवढा द्वेष उंदरांनीही केला नव्हता.

सरांनी वही पाहिली आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"यंत्र बिघडलंय. हे आकडे काढून टाका."

नाचता येईना, अंगण वाकडे. बाईंनी ठरावीक जाडीची पोलादी पट्टी माझ्या जबड्यात धरली. काटा अचूक थांबला.

"यंत्र ठीक आहे, सर. थेंब थांबले की सूज परत येते."

"तुमच्या बहिणीचा तरी विचार करा."

"तिचाच करतेय. बरी झाले समजून ती पुन्हा कलपात हात घालेल."

सरांनी मला उचलून खणात आपटले. माझ्या तबकडीची काच तडकली. "उद्यापासून तुम्ही पिंजरे धुवायचे," ते म्हणाले.

माझ्या जागी नवे, आकडे उजळणारे यंत्र आले. त्यानेही एकोणचाळीस दाखवले. सरांनी शोधनिबंधात 'परिणाम टिकत नाही' असे लिहिले, पण बाईंचे नाव घातले नाही, की त्यांना मोजणीवरही परत घेतले नाही.

मला खणात आपटले त्याच संध्याकाळी बहिणीचा फोन आला. बाईंनी सगळे सांगितले.

"दुसऱ्या कुणाला मोजू द्यायचं होतंस," ती म्हणाली. "तुझं घोडं नेहमी पुढे." तिने फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन आला नाही. बाईंनी तिला रबरी हातमोजे पाठवले, ते न उघडता परत आले.

आता मी खणात पडून असतो. पिंजरे धुऊन झाले की बाई कधीतरी येतात, जबडे स्पिरिटने पुसतात, काटा शून्यावर आणतात आणि खण धाडकन बंद करतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूवर तुम्ही प्रेम करावे असे मी म्हणत नाही. नको तो आकडा दाखवला तर खुशाल शिव्या द्या. पण आपटू नका. आणि वापरून झाल्यावर जबडे पुसून ठेवा. त्यांवर गंज चढला, तर पुढच्या माणसाला कान आहे त्यापेक्षा जाड दिसेल, आणि त्याला ते कळणारही नाही.