पान्याचा खिसा

पुंजाजी मिस्त्रीने अंगातली बंडी काढून शिलाई मशीनवर ठेवली आणि तो दुकानाच्या फळीवर बसला. बद्रुद्दीनने बंडी उलटीपालटी करून पाहिली. शिवण कुठे उसवली नव्हती. खिसा फाटला नव्हता. दोऱ्याचे एखादे टोक सुटावे, तर तेही नाही.

“मंग?” त्याने विचारले.

“पडला,” पुंजाजी म्हणाला. “पुन्हा पडला पाना इहिरीत.”

बद्रुद्दीनने चष्मा काढून पुसला. संग्रामपूरच्या बाजारओळीत तो वडिलांच्या माघारी त्याच जागी बसून कपडे शिवत आला होता. पैशाचा चोरखिसा, तंबाखूच्या पिशवीचा खिसा, घड्याळाचा चिमुकला खिसा, सगळे त्याच्या हाताखालून गेले होते. पण लोखंडासाठी खिसा शिवून मागणारे गिऱ्हाईक त्याला अलीकडेच भेटले होते. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या शिवारात मोटा बंद पडत होत्या आणि विहिरींवर तेलाची इंजिने धडधडू लागली होती. पुंजाजी आधी खामगावच्या एका कापसाच्या जिनात फिटर होता. इंजिने आली तसा तो गावी परतला, आणि आसपासच्या गावांत पंप बिघडला की लोक त्यालाच बोलवायला येऊ लागले.

पंप विहिरीच्या आत, अर्ध्या खोलीवर बांधलेल्या ओट्यावर असे. भिंतीत बसवलेल्या लोखंडी कड्यांना धरून तिथवर उतरायचे, एका हाताने कडी धरायची आणि दुसऱ्याने काम करायचे. हातातून निसटलेला पाना थेट पाण्यात जायचा. पुंजाजी इंजिने आल्यापासून हे करत आला होता आणि त्याचे कधी काही पडले नव्हते. पण मागच्या दिवाळीपासून पडायला लागले. आधी पक्कड गेली, मग पाने. म्हणून तो बद्रुद्दीनकडे आला आणि म्हणाला की असा खिसा शिवून दे, की अवजार पटकन हाताशी आले पाहिजे आणि पडले नाही पाहिजे.

बद्रुद्दीनने जाड खाकी कापडाची बंडी शिवली आणि तिला दोन्ही बाजूंना खिसे लावले. पुंजाजी परत आला, म्हणाला की वाकले की सांडते. बद्रुद्दीनने खिसे खोल केले. मग तक्रार आली की हात आत गेला की अडकतो. त्याने खिशाला झाकण लावून वर बटण बसवले. ते बटण पुंजाजीला उघडेना. शेवटी त्याने ते दातांनी तोडले होते, आणि आता तो समोर बसून सांगत होता की पाना पुन्हा पडला.

“खिशातून पडला?”

“मले काय मालूम? पडला एवढं समजते.”

त्या दिवशी पुंजाजी गेल्यावर बद्रुद्दीनने दुकान लवकर बंद केले आणि बंडी घरी नेली. स्वतःच ती अंगात घातली. खिशांत पाना घातला, कात्री घातली, वरवंटासुद्धा घालून पाहिला. वाकला, बसला, उठला. मग शिडी लावून छपरावर चढला आणि एका हाताने शिडी धरून दुसऱ्याने पाना काढून परत ठेवला. खाली शिडी धरून उभी असलेली त्याची बायको चांदबी पदर तोंडाला लावून हसत होती. शेजारच्या भिंतीवरून दोन बायका डोकावल्या, त्याही हसू लागल्या. पण काही म्हणजे काही पडले नाही.

तो खाली उतरला तो अधिकच गोंधळून. खिसा बरोबर होता, आणि पाना तर पडत होता. पुंजाजी थट्टा करणाऱ्यांपैकी नव्हता. ग्रीसने हात निसरडा होत असेल म्हणावे, तर ग्रीस काय आज आले होते? रात्रभर त्याच्या डोक्यात खिसेच घोळत राहिले. कापड, दोरा, तोंडाची रुंदी, एकेक गोष्ट त्याने मनातल्या मनात उसवली आणि परत शिवली.

शेवटी त्याने ठरवले की पुंजाजीला काम करताना आपण पाहायचे. उत्तमरावांच्या मळ्यात गव्हाचे पाणी तुटले होते आणि पुंजाजीला बोलावणे आले होते. बद्रुद्दीन त्याच्या मागे सायकलवर बसून गेला. उत्तमरावांना शिंप्याचे विहिरीवर काय काम ते कळेना. पण ते भले गृहस्थ होते, त्यांनी त्यालाही गूळपाणी दिले.

बद्रुद्दीन विहिरीच्या काठावर पालथा पडून खाली पाहू लागला. पुंजाजी कड्या धरत ओट्यापाशी उतरला, खिशात हात घातला आणि पाना काढला. व्यवस्थित काढला. काही अडकले नाही, सांडले नाही. त्याने पाना नटाला लावला, दोन आटे फिरवले. तेवढ्यात उत्तमरावांनी वरून काही विचारले, म्हणून त्याने तोंड वर करून उत्तर दिले. आणि बोलता बोलता पाना हातातून गेला. पाण्यात डुबुक वाजले.

बद्रुद्दीनला विचित्र वाटले ते पुढचे. पाना गेला तरी पुंजाजीची बोटे तशीच मिटलेली होती. त्याने रिकामा हात नटाकडे नेला, फिरवायला गेला, आणि मग हाताकडे पाहिले. बराच वेळ पाहत राहिला.

वर आल्यावर तो म्हणाला, “पाह्यलं? खिशाचं तोंडच बरोबर नाही.”

बद्रुद्दीनने अंगावरची धूळ झटकली. पाना खिशात नव्हताच, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. मग हा माणूस खिशाचे नाव का घेत होता? की त्यालाही कळत नव्हते?

दोन दिवसांनी पुंजाजी नव्या बंडीचे माप द्यायला आला. बद्रुद्दीन आता बाहीलाच एक पट्टी लावून पाहणार होता, म्हणजे पाना मनगटाशी राहील. पुंजाजी एवढ्यात भर दुपारच्या उन्हातसुद्धा पूर्ण बाहीचा सदरा घालू लागला होता. बद्रुद्दीन त्या बाहीवर पट्टी धरून टाचण्या लावत होता. पुंजाजी खालच्या व्हॉल्व्हमध्ये गाळ कसा अडकतो ते सांगत होता. एक टाचणी कापडातून आरपार गेली आणि करंगळीखालच्या तळहाताच्या कडेत घुसली. बद्रुद्दीनला ती बोटाला जाणवली. त्याने घाबरून वर पाहिले.

पुंजाजी व्हॉल्व्हबद्दल सांगतच होता.

बद्रुद्दीनने हळूच टाचणी काढली. रक्ताचा थेंब खाकी पट्टीवर उतरला. “काय झालं बे?” पुंजाजीने विचारले. काही नाही, असे म्हणून त्याने माप आवरते घेतले. पुंजाजी गेल्यावर त्याने त्या टाचण्या घरी नेऊन चुलीवर उकळून घेतल्या आणि साबण लावून हात धुतले. पुसून झाल्यावर पुन्हा धुतले. मग स्वतःचीच लाज वाटून तो ओल्या हातांनी तसाच बसून राहिला.

त्यानंतरचे दिवस त्याला कसे गेले ते सांगता आले नसते. एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला त्याने बाही उलटी जोडली. दुसऱ्याच्या पायजम्याचे कापड कमी बेतले. चांदबीने खोदून विचारले तेव्हा त्याने सांगितले. मग तिने तिच्या मामांचे सांगितले. त्यांचीही बोटे अशीच बधिर झाली होती, मग झडू लागली. मलकापूरकडे गावाबाहेर खोपीत त्यांना ठेवले होते आणि भाकरी लांबूनच टाकत. सुरुवातीला कोणी काही बोलले नव्हते, कारण प्रत्येकाला वाटत होते की हे सांगणे आपले काम नाही.

“तुमी नाही सांगसान तं कोन सांगीन?” ती म्हणाली. “का जलमभर खिसेच शिवून राहाल?”

तरीही त्याला कळेना. सांगितले आणि आपला समज चुकीचा निघाला तर? न सांगता खिसा शिवत राहिलो आणि एखाद्या दिवशी पान्याऐवजी कडीच हातातून सुटली तर? दोन्हीकडून त्याचे मन माघारी येत होते.

पुंजाजी बंडी न्यायला आला तेव्हा बंडी झालेली नव्हती.

“पुंजाजी, खिशात काई खोट नाही,” बद्रुद्दीन म्हणाला.

“मंग कायात हाय?”

“हात इकडं दे. अन् डोये मिट.”

त्याने सुईचे टोक करंगळीवर टेकवले, मग दाबले. पुंजाजी डोळे मिटून वाट पाहत होता.

“टोच ना,” तो म्हणाला.

“टोचलं.”

पुंजाजीने डोळे उघडले. सुई बोटात उभी होती. त्याने ती स्वतःच काढून बद्रुद्दीनच्या हातात दिली. मग सदऱ्याचे बटण चाचपडत सोडले आणि बाही कोपरापर्यंत वर सारली. आतल्या बाजूला एक फिकट, गुळगुळीत चट्टा होता.

“मले वाटलं शिबं असन,” तो म्हणाला. “बीडीनं बोट जयलं तं वास आला तवा समजलं. जनकाले बी सांगतलं नाही मी.” जनकाबाई म्हणजे त्याची बायको. मग त्याने विचारले, “खिसा शिवशील का नाही मंग?”

“शिवतो. आधी खामगावले जाऊ.”

दोघे मिळून बसने गेले. डॉक्टरांनी बराच वेळ तपासले आणि त्या आजाराचे नाव घेतले, जे दोघांनीही आतापर्यंत तोंडातून काढले नव्हते. गोळ्या दिल्या. त्या कित्येक वर्षे घ्याव्या लागतील, आजार थांबेल, इतरांना भीती राहणार नाही, असे सांगितले. पण बोटांतली गेलेली जाणीव परत येईल याचा भरवसा त्यांनी दिला नाही. हाताला कळत नाही ते आता डोळ्यांनी पाहायचे, रोज पाहायचे, असे ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये पुंजाजी खिडकीबाहेर पाहत होता आणि बद्रुद्दीन डॉक्टरांचे तेच बोलणे मनात घोळवत होता. आजवर त्याने हाताने चाचपायचे खिसे शिवले होते. आता त्याने डोळ्यांना दिसणारे खिसे शिवायला घेतले. ते कमरेवरून काढून छातीवर आणले. पुंजाजीचा डावा हात चांगला होता, म्हणून खिसे उजव्या अंगाला बसवले. प्रत्येक अवजाराला त्याच्या रुंदीचा वेगळा कप्पा, अवजाराचे डोके वर, मान खाली केली की समोर दिसेल असे. बटण कुठेच नाही. प्रत्येक दांड्याला एक दोरी, आणि तिचे दुसरे टोक खांद्यावरच्या जाड फाशात. पाना सुटला तरी पोटाशी लोंबेल, खाली जाणार नाही. उजव्या हाताने कडी धरायची नाही, तर कोपराच्या वळणात ती अडकवायची, हे पुंजाजीने स्वतःच शोधून काढले. दोघांनी बद्रुद्दीनच्या शिडीवर चार-पाच दिवस तालीम केली. पुंजाजी मुद्दाम पाना सोडून द्यायचा आणि लोंबणाऱ्या पान्याकडे पाहून हसायचा.

मग उत्तमरावांचे बोलावणे आले. पुंजाजी बंडी घालून गेला, आणि विहिरीत उतरण्याआधी त्याने उत्तमरावांना सगळे सांगून टाकले. आजाराचे नाव, गोळ्या, डॉक्टर काय म्हणाले ते. उत्तमरावांनी शांतपणे ऐकले. घरी विचारून निरोप देतो म्हणाले, कारण घरातल्या बाया त्याच विहिरीचे पाणी प्यायला नेत. निरोप आला नाही. मग दुसऱ्या गावांचेही बोलावणे थांबले.

बद्रुद्दीनला हे ऐकून संतापावे की रडावे ते कळेना. एवढी बंडी जमली होती. कोणी विचारले नव्हते, कोणाला कळले नसते.

“काऊन सांगतलं तू?” तो म्हणाला.

“दुसऱ्याच्या इहिरीत उतरतो मी,” पुंजाजी म्हणाला. “त्याले सांगाले नको?”

बद्रुद्दीन एकटाच उत्तमरावांकडे जाऊन आला. डॉक्टरांचे शब्द त्याने जसेच्या तसे सांगितले. उत्तमराव म्हणाले की माझा विश्वास आहे, पण घर ऐकत नाही. त्यांनी याही वेळी गूळपाणी दिले. बद्रुद्दीनला ते नको म्हणता आले नाही आणि पिताही आले नाही.

पुंजाजी आता स्वतःच्या अंगणात इंजिने दुरुस्त करू लागला. लोक बैलगाडीतून इंजिन आणून अंगणाच्या कडेला उतरवत, लांबूनच बिघाड सांगत आणि निघून जात. जनकाबाई त्याच्या सोबत बसे आणि काम झाले की त्याची बोटे एकेक करून उलगडून पाही. विहिरींच्या कामाला जळगावकडचा शालिग्राम नावाचा मिस्त्री येऊ लागला. चांगला पिकल्या मिशांचा, अनुभवी माणूस होता. त्याने पुंजाजीच्या अंगावर बंडी पाहिली आणि तशीच आपल्यासाठी शिवायला टाकली.

बद्रुद्दीनने त्याला सांगून पाहिले की तू उजव्या हाताने काम करतोस, तुझे खिसे डाव्या अंगाला हवेत. शालिग्राम ऐकेना. पुंजाजी मिस्त्रीचे खिसे उजव्या अंगाला आहेत, म्हणजे त्यात काही तरी असेल, असे तो म्हणाला. बद्रुद्दीनने दोनदा समजावले, मग नाद सोडला आणि त्याला हवी तशी शिवून दिली.

बंडी न्यायच्या दिवशी पुंजाजीही दुकानाशी आला होता. तो पायऱ्यांच्या खालीच उभा होता, हल्ली तो तिथेच उभा राही. शालिग्रामने बंडी चढवली, कप्प्यांत पाने घातले आणि दोरी फाशात ओवायला घेतली. ती काही नीट बसेना. पुंजाजीचा डावा हात नकळत वर आला, मध्येच थांबला आणि खाली गेला. तो तिथूनच तोंडाने सांगू लागला, खालून घे, वरून काढ, पुन्हा आत घाल. शालिग्रामला ते उमगेना. तो दोन पायऱ्या उतरला आणि त्याने आपला खांदा पुंजाजीसमोर धरला.

पुंजाजीने एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिले. मग डाव्या हाताने, बोटांवरची नजर न हलवता, सावकाश गाठ मारली. बद्रुद्दीनला कुठे पाहावे ते समजेना. तो सुईत दोरा ओवू लागला. दोरा आधीच ओवलेला होता.

“आज कोनाच्या इहिरीवर?” पुंजाजीने विचारले.

“उत्तमरावाच्या.”

पुंजाजीने मान हलवली. शालिग्रामने सायकल काढली, तसा तो दोन पावले तिच्या मागे गेला.

“तिथली ओट्याजवळची कडी ढिली हाय,” तो म्हणाला. “तिच्यावर भार देऊ नको. वरून पाहून समजत नाही.”